ठकीच्या तोंडून

साखर पेठेच्या मागच्या गल्लीत माणसांपेक्षा मांजरांचा दरारा जास्त होता. गल्लीच्या तोंडाशी महादेवाचं लहानसं देऊळ, देवळाला लागून गंगाधर गुरवाचं दोन खणांचं घर, आणि पुढे दोन्ही बाजूंनी विणकरांची माळवदाची घरं. घराघरांतून हातमागाचा खटखटाट चाले. मांजरं कुणा एकाची नव्हती. माळवदावरून माळवदावर उड्या मारत ती हव्या त्या घरात उतरायची आणि तिथलीच असल्यासारखी वागायची.

त्यांना नावं ठेवायचं काम गंगाधरच्या बायकोचं, यशोदेचं. एक पिवळा बोका होता, अर्ध्या कानाचा. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की तो गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत जायचा, प्रत्येक उंबऱ्याशी थांबून आत डोकवायचा आणि कुणाचंच काम पसंत न पडल्यासारखा पुढे व्हायचा. त्याचं नाव मुकादम. एक पांढरी मांजरी होती. तिच्या डोक्यावर पदर घेतल्यासारखा काळा पट्टा. ती चुलीपाशी मान खाली घालून बसायची, दुधाची वाटी पुढे ठेवली तरी कोणी बघत असेतो तोंड लावायची नाही. पाठ वळली की वाटी लखलखीत. ती सूनबाई. शेजारच्या सावित्रम्मांच्या मागाखाली एक करडं मांजर राहायचं. धोटा डावीकडे गेला की त्याची मान डावीकडे, उजवीकडे आला की उजवीकडे. दिवसभर हेच. सावित्रम्मा प्रत्येक मांजराला ‘पिल्ली’ म्हणायच्या. म्हाताऱ्या बोक्यालाही या पिल्लू का म्हणतात, याचं यशोदेला फार दिवस कोडं होतं. मग कळलं की तेलुगूत मांजरालाच पिल्ली म्हणतात.

आणि ठकी. काळी, पिवळी, पांढरी अशी तीन रंगांची. तिची जागा देवळातल्या दगडी नंदीच्या पाठीवर. सकाळचं ऊन तिथं पहिलं पडायचं. लोक येत, नंदीच्या शिंगांना हात लावत, तोच हात ठकीच्या पाठीवरून फिरवत आणि मग कपाळाला लावत. घंटा वाजली की ठकी एक डोळा उघडायची, कोण आलंय ते बघायची आणि मिटून घ्यायची. गंगाधरनं तिला कधी हाकललं नाही.

त्याला तिची गरज होती. ठकी नसती तर गंगाधर आणि यशोदेच्या घरात शब्द उरला नसता.

त्यांना एकच मुलगी होती, मालती. सहा वर्षांची. तीन वर्षांमागे यशोदा तिला घेऊन माहेरी अकलूजला गेली होती, भावाच्या घरी बारसं होतं म्हणून. तिथं पोरीला ताप भरला. यशोदेच्या भावानं, गोपाळनं, माणूस धाडून निरोप दिला. शिवरात्र तोंडावर आली होती. गंगाधर म्हणाला, “उत्सव उरकला की निघतो.” तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारात यशोदा बसली होती. तो तिच्याजवळ बसला नाही. उभ्या उभ्या म्हणाला, “तुझ्या माहेरच्या पाण्यानं माझी पोर खाल्ली.”

एवढंच तो बोलला. यशोदेनं उत्तर दिलं नाही. सोलापूरला परत आल्यावरही दिलं नाही. ती स्वयंपाक करायची, वाढायची, देवळाचा गाभारा सारवायची, पण नवऱ्याशी बोलायची नाही. आणि तोंडातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा हे गंगाधरला माहीत नव्हतं, म्हणून तोही गप्प राहिला.

असे काही महिने गेले. एकदा जेवताना आमटी अळणी लागली. ठकी पानाशेजारी बसली होती. गंगाधर तिच्याकडे बघत म्हणाला, “ठके, तुझ्या बाईंना सांग, मीठ राहिलंय.”

यशोदा चुलीकडे तोंड करून होती. ती तशीच म्हणाली, “ठके, त्यांना सांग, बरणी हाताशी आहे.”

तेव्हापासून त्या घरातलं सगळं बोलणं ठकीच्या तोंडून व्हायला लागलं. “ठके, सांग, उद्या सोमवार आहे, बेल जास्त लागेल.” “ठके, विचार, धोतर धुवायला टाकायचं का?” ठकी दोघांच्या मध्ये बसून पाय चाटत राहायची. गल्लीला गंमत वाटायची. सावित्रम्मा म्हणायच्या, “वकील लई चांगला हाय तुमचा. दोन्ही बाजूचं ऐकतो आन् काय बी बोलत न्हाई.” यशोदा हसायची. नवऱ्यासमोर मात्र ती हसत नसे.

त्या वर्षी संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली आणि पेठेत उंदीर पडायला लागले.

पहिला उंदीर देवळाच्या कोठीत पडला. भर दिवसा बाहेर आला, झिंगल्यासारखा गरगर फिरला आणि मेला. दुसऱ्या दिवशी सावित्रम्मांच्या मागाच्या खड्ड्यात आणखी निघाले. मांजरांची चंगळ झाली. न पळणारा उंदीर त्यांनी आधी कधी पाहिला नव्हता. मुकादमानं फेरी सोडून दिली. तो एका जागी बसून खात होता. सूनबाईनं दुधाकडे बघणं सोडलं. मग एका सकाळी भोंगा झाला आणि मुकादम गटाराशी पाय ताणून पडलेला दिसला. त्याच दिवशी गल्लीच्या टोकाला एका विणकराच्या काखेत गाठ आली, आणि तिसऱ्या दिवशी त्याला उचललं.

मुनसिपालटीची माणसं आली. गल्ली रिकामी करा, म्हणाली. कुंभारीच्या वाटेवर माळावर झोपड्या बांधल्या होत्या. सगळ्यांनी तिथं राहायचं, टोचून घ्यायचं, घरांना औषध मारून उन्हं खाऊ द्यायची. लोकांनी भांडीकुंडी, अंथरुणं गाड्यांवर लादली. सावित्रम्मांनी माग सोडताना त्याला हळदकुंकू लावलं.

यशोदेनं सगळ्यांत आधी वेताची करंडी काढली. तिच्यात जुनं लुगडं घातलं, त्यावर ठकीला बसवलं आणि वरून फडकं बांधलं. गाडीत ती करंडी मांडीवर घेऊनच बसली.

माळावर झोपड्यांच्या तोंडाशी धोंडीराम नावाचा पहारेकरी होता. त्यानं करंडीतला आवाज ऐकला.

“बाई, काय हाय त्यात?”

“मांजर आहे.”

“मांजर न्हाय चालायचं हितं. सायबाचा हुकूम हाय. पिलेग मांजरंच आणत्यात म्हनं उंदीर खाऊन.”

“ती कुठं जाणार नाही. बांधून ठेवीन.”

“बाई, म्या काय करू? मागं बघा, किती लोक हायेत. एकाचं चालवलं तर समद्यांचं चालवावं लागंल की.”

यशोदा करंडी धरून तशीच बसून राहिली. मागच्या गाड्या खोळंबल्या, लोक ओरडायला लागले. शेवटी गंगाधर खाली उतरला. पूजा चुकू नये म्हणून त्याला रोज गावात जायची परवानगी मिळाली होती. त्यानं करंडीला हात घातला. यशोदेनं ती सोडली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

तो उन्हातून चालत परत गेला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. देवळात करंडी उघडल्याबरोबर ठकी बाहेर आली, तिनं अंग ताणलं आणि नंदीच्या पाठीवर जाऊन बसली, जणू मधलं काही घडलंच नव्हतं.

संध्याकाळी तो झोपडीत परतला. यशोदा तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती. तो कुडाला टेकून बसला. बोलायला मध्ये कुणी नव्हतं. तव्यावरची भाकरी फुगली, उतरली, दुसरी पडली. गंगाधरला वाटलं, आता हे असंच चालायचं.

मग यशोदा म्हणाली, “खाल्लं का तिनं?”

त्याला क्षणभर कळलंच नाही की हे आपल्याला विचारलंय. “अं? खाल्लं. म्हणजे सकाळचा नैवेद्य होता, तो दिला.”

“दुधाशिवाय तिला भात लागत नाही.”

“उद्या दूध नेतो.”

तीन वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा थेट बोलली होती. त्यानं भाकरी पाण्याबरोबर गिळली.

दुसऱ्या दिवसापासून यशोदा धनगराकडून शेळीचं दूध घ्यायची, त्यात मऊ भात कालवायची आणि झाकणाच्या डब्यात घालून नवऱ्याच्या हातात द्यायची. तो पूजा करायचा, मग नंदीशेजारी बसून ठकीला भरवायचा. ओसाड गल्लीत दुसरं कोणी नसे. सूनबाई दिसेनाशी झाली होती. मागाखालचं करडं मांजर एका उंबऱ्यात मरून पडलेलं त्यानंच उचललं होतं. हे त्यानं घरी सांगितलं नाही. संध्याकाळी यशोदा विचारायची, तो ठकीचं काय काय सांगायचा, आणि दोघं त्या निमित्तानं चार वाक्यं बोलायची.

आठवडाभरानं एके सकाळी ठकी नंदीवर नव्हती. ती गाभाऱ्याच्या पायरीला अंग चिकटवून पडली होती. तिच्या जबड्याखाली सूज होती. तिनं दुधाला तोंड लावलं नाही. गंगाधरला भीती वाटली, पण तिला टाकून जायला त्याचा जीव झाला नाही. त्यानं तिला पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि तो बसून राहिला. आणि तिथंच, रिकाम्या देवळात, त्यानं तिला सांगितलं.

“ठके, निरोप आला तेव्हाच मी निघायला हवं होतं. शिवरात्र दुसऱ्या कोणी केली असती. मी गेलो नाही. आणि गेलो तेव्हा यशोदेवरच आळ घेतला. पाण्यानं नाही गेली गं पोर. ताप होता. ती एकटी होती तिथं. हे तिला सांगशील का?”

ठकीनं एक डोळा उघडला. दुपारपर्यंत ती गेली.

त्यानं तिला देवळामागच्या बेलाखाली पुरलं. हात धुतले, अंगावर पाणी घेतलं आणि माळाच्या वाटेला लागला. वाटेत तो स्वतःशी म्हणत होता, आज सांगून टाकायचं. झोपडीच्या दारात यशोदा उभी होती. एरवी ती दारात नसे. आज उन्हाला हात आडवा धरून ती वाटेकडे बघत होती, आणि तो दिसल्यावर तिचा चेहरा मोकळा झाला.

“उशीर केला. काय म्हणतेय ती?”

“मजेत आहे,” गंगाधर म्हणाला.

रिकामा डबा त्यानं तिच्या हातात दिला. दूधभात त्यानं बेलाखालीच ओतला होता.

एकदा खोटं बोलल्यावर ते रोज बोलावं लागलं. ठकी आज नंदीवरून उतरायलाच तयार नाही. ठकीनं आज कावळ्याला पळवून लावलं. ठकी जरा जाडच झालीय. यशोदा हात थांबवून ऐकायची. “जाड? अहो, दिवस तर गेले नसतील?” तिच्या आवाजात इतकी उत्सुकता होती की गंगाधर म्हणाला, “असं वाटतंय खरं.”

शिवरात्र आली. त्यानं देवळात एकट्यानं अभिषेक केला, एकट्यानं आरती म्हटली. संध्याकाळी माळावर लोकांनी लहानशी आरास मांडली होती, भजन चाललं होतं. यशोदा गेली नाही. ती झोपडीच्या मागे बसली होती. गंगाधर तिच्याजवळ जाऊन बसला.

“आज ठकीशी बोलत होतो,” तो म्हणाला.

तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

“मालतीचं बोललो. ठकीला म्हटलं, चूक माझी होती. मी वेळेवर निघालो नाही. तुझ्या माहेरच्या पाण्याचा दोष नव्हता. तुझा तर नव्हताच. जे बोललो ते मीच माझी लाज झाकायला बोललो.”

मग यशोदेनं पदर तोंडाशी धरला आणि ती रडायला लागली. मोठ्यानं, पोरीच्या वेळी रडली नव्हती तशी. शेजारच्या झोपडीतून सावित्रम्मा धावत आल्या, दोघांना बघून तशाच मागे फिरल्या. यशोदा रडत रडत म्हणाली, “शेवटी तिनं तुमचंच नाव घेतलं हो. बाबा कधी येणार, एवढंच विचारत होती. मी म्हणत होते, निघालेत, वाटेत आहेत.”

हे तिनं तीन वर्षं पोटात ठेवलं होतं. गंगाधरनं तिचा हात धरला आणि तिनं तो काढून घेतला नाही.

त्यापुढचे दिवस त्या दोघांच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. माळावर ऊन होतं, धूळ होती, अधूनमधून एखादी तिरडी जायची, पण झोपडीत बोलणं होतं. यशोदा मालतीच्या आठवणी सांगायची. आणि ठकीचं विचारायची. पिल्लं झाली का? गंगाधरला नाही म्हणवेना. झाली, म्हणाला. तीन आहेत. कुठं ठेवलीत? कोठीत, पत्रावळींच्या गठ्ठ्यामागे. रंग? एक पिवळं आहे, मुकादमासारखं. यशोदा खळखळून हसली. तिनं जुन्या चिंध्या जोडून हातभर गोधडी शिवायला घेतली. तिला टाके घालताना बघून गंगाधर उठून बाहेर जायचा. रोज वाटायचं, आज सांगू. पण सांगितलं की हे सगळं संपणार, हे त्याला कळत होतं. उद्या सांगू.

पाडव्यानंतर रोग ओसरला. घरी जायचा हुकूम आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबायच्या आत यशोदा उतरली आणि गोधडी घेऊन देवळात शिरली.

“ठके! ए ठके!”

गंगाधर सामान उतरवत राहिला. कोठीचं दार वाजलं. पत्रावळींचे गठ्ठे हलवल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली. “कुठं हलवलीत हो तिनं पिल्लं? मांजरी जागा बदलतातच. सात घरं फिरवते म्हणतात.”

“असतील इथंच,” तो म्हणाला.

ती गल्लीभर हिंडली. प्रत्येक माळवदावर चढली. सावित्रम्मांच्या मागाखाली वाकून बघितलं. गल्लीत एकही मांजर उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही ती हिंडली. तिसऱ्या दिवशी सावित्रम्मा गंगाधरला देवळात गाठून म्हणाल्या, “सांगून टाका की तिला. म्या वळखलंय. मांजरं सगळी गेली पिलेगात. ती काय लहान हाय का? तुमीच सांगा, दुसऱ्याकडून नगा कळू देऊ.”

त्यानं सांगितलं. यशोदा तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“कधी?”

“शिवरात्रीच्या आधी.”

“म्हणजे पिल्लं...”

त्यानं नकारार्थी मान हलवली.

“पिवळं पिल्लूही नव्हतं?”

“नव्हतं.”

ती भिंतीकडे बघत होती. “मग शिवरात्रीला तुम्ही ठकीशी बोललात म्हणालात ते?”

“ते खरं आहे. त्या दिवशी नाही, आधी बोललो. ती मांडीवर होती तेव्हा. यशोदे, ते अक्षर न् अक्षर खरं आहे.”

“कशावरून?”

देवळात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. साक्ष द्यायला होती ती बेलाखाली मातीत होती.

“मी आशेनं विचारत गेले, तुम्ही सांगत गेलात,” यशोदा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “मला पिल्लं हवी होती, तुम्ही पिल्लं दिलीत. मला माफी हवी होती, तुम्ही तीही दिलीत. मी पोरीचे शेवटचे शब्द तुम्हाला सांगितले हो. ते मी कुणालाच सांगितले नव्हते.”

“मी शपथ घेतो. महादेवाची घेतो.”

“नका घेऊ,” ती म्हणाली. “उगाच देवाला मध्ये आणू नका.”

तिनं सूप उचललं आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.

वैशाखात गोपाळ बहिणीला न्यायला आला. महिनाभरासाठी म्हणून ती गेली. गंगाधर गाडीपर्यंत पोचवायला आला. त्याला खूप बोलायचं होतं, पण जे काही म्हणावं ते तिला आधीच्यासारखंच खोटं वाटेल, म्हणून तो गोपाळला म्हणाला, “सांभाळून जा.” सावित्रम्मांनी यशोदेची ओटी भरली. गाडी वळली तेव्हा यशोदेनं मागे बघितलं ते सावित्रम्मांसाठी.

महिना झाला, पावसाळा झाला. ती आली नाही. भांडण झालं नव्हतं, त्यामुळे मिटवायला कुणी मध्यस्थही बसेना. दिवाळीनंतर गंगाधरनं देवळाची पूजा दुसऱ्यावर सोपवली आणि तो अकलूजला गेला. या वेळी त्यानं कसलाच सण आड येऊ दिला नाही.

यशोदेनं त्याला हातपाय धुवायला पाणी दिलं. पाट मांडला, रांगोळी काढली, गरम भाकरी वाढली. ती त्याच्याशी नीट बोलली. यंदा पाऊस बरा झाला, म्हणाली. गोपाळच्या थोरल्याचं लग्न ठरतंय. कालव्याच्या कामावर बाहेरची खूप माणसं आलीत, बाजारात सगळं महाग झालंय. सावित्रम्मांचा गुडघा कसा आहे, तेही तिनं विचारलं. तो उत्तरं देत गेला. त्यानं दोनदा मालतीचं नाव काढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ती शांतपणे उठली आणि काहीतरी आणायला आत गेली.

“अजून भाकरी वाढू?” तिनं विचारलं.

“नको. पोट भरलं.”

“ताक तरी घ्या. उन्हातून जायचंय तुम्हाला.”

त्यानं ताक घेतलं. गोपाळनं गाडी जुंपली. यशोदा दारापर्यंत आली, पदर सावरून उभी राहिली, जसं कुणीही पाहुण्याला निरोप देताना उभं राहतं. “सावकाश जा,” ती म्हणाली आणि गाडी हलायच्या आत घरात वळली.